चुंदाच्या घरचे जेवण आणि धर्मानंद कोसंबी

आषाढाच्या झडी बरसून गेल्या, की वसई तालुक्यातील सातिवलीच्या पाठीशी उभा असलेला तुंगारेश्वराचा डोंगर हिरवागार होतो आणि जमीन आपल्या पोटातला मेवा बाहेर काढू लागते. वारुळांच्या कडेला पांढरी अळंबी डोके वर काढते. ती दोन-चार दिवसांचीच पाहुणी असते. कोणती अळंबी खाण्याजोगी आणि कोणती जिवावर बेतणारी, हे ओळखण्याची नजर इथल्या आदिवासी बायांकडे आईकडून लेकीकडे आलेली आहे. पहाटे रान धुंडाळून आणलेली अळंबी पानांत बांधून त्या रस्त्याच्या कडेला विकायला बसतात आणि जाणकार खवय्ये तिच्यासाठी वाट वाकडी करतात. वारुळाच्या आधाराने वाढणाऱ्या या अळंबीची शेती अजून कुणाला साधलेली नाही, म्हणूनच तिचे अप्रूप टिकून आहे.

युरोपात हेच अप्रूप ट्रफलचे. ट्रफल हीसुद्धा एक अळंबीच. मात्र ती जमिनीवर कधीच येत नाही. ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांशी सोयरीक करून ती मातीखालीच बटाट्यासारखी गोळा होऊन राहते. फ्रान्समधील पेरिगॉरचे काळे ट्रफल आणि इटलीतील आल्बाचे पांढरे ट्रफल ही श्रीमंतांच्या ताटातली चैन समजली जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, वासानेच सापडते, आणि तो वास माणसाच्या नाकाला वरून येत नाही. त्यासाठी पूर्वी डुकरिणीला दोरी बांधून रानात नेत. ती एखाद्या झाडाखाली थबकून नाकाने माती उकरू लागली, की मालक घाईने तिला मागे खेचून ट्रफल स्वतः काढून घेई. पुढे डुकराची जागा शिकवलेल्या कुत्र्याने घेतली. कारण कुत्र्याला ट्रफलची हाव नसते, डुकराला असते. ट्रफलचे पातळ काप गरम अंड्यावर किंवा भातावर पसरतात. जिभेपेक्षा नाकानेच चाखण्याचा हा पदार्थ आहे.

ट्रफलवर डुकराचे असलेले हे प्रेम एका अगदी वेगळ्या ठिकाणी, बौद्ध विद्येच्या इतिहासात, वादाचे कारण ठरले. भगवान बुद्धांनी आपल्या आयुष्यातील अखेरच्या भोजनात काय खाल्ले, हा तो वाद. पाली ग्रंथांत त्या पदार्थाचे नाव आहे सूकरमद्दव. सूकर म्हणजे डुक्कर आणि मद्दव म्हणजे मऊ, मृदू, रुचकर. हे डुकराचे मऊ मांस, की डुकराला प्रिय असलेले ट्रफलसारखे काही? या प्रश्नाला मराठीत भिडलेला, आणि भिडल्याची किंमत मोजलेला माणूस म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

सोपाऱ्याचे भिक्षापात्र

सातिवलीपासून पश्चिमेला काही किलोमीटरवर नालासोपारा आहे. आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखले जाणारे हे ठिकाण म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीतले सुप्पारक. पश्चिम किनाऱ्यावरचे हे एके काळचे मोठे बंदर. बौद्ध परंपरेतील पूर्ण या भिक्षूचे नाव या नगरीशी जोडलेले आहे, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही इथेच सापडले.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा उंचवटा खणला. तो स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. तीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती, आणि करंडकात एकात एक ठेवलेल्या डब्या. सर्वांत आतली डबी सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत हिरे-माणके नव्हती. होते ते मातीच्या भांड्याचे १३ लहानसे तुकडे. हे तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून भक्तांनी जपले असावेत, असा भगवानलालांचा निष्कर्ष होता. ते खरोखर त्या पात्राचे होते की नाही, हे सिद्ध करण्याचा मार्ग नाही. पण भक्तांची श्रद्धा कशावर बसली, ते मात्र यातून कळते. राजवैभव सोडलेल्या त्या महापुरुषाची खूण म्हणून लोकांनी त्याचे मातीचे पात्र सोन्यात ठेवले.

त्या पात्रात लोक काय वाढत असत आणि तो महापुरुष ते कसे स्वीकारत असे, हे आधाराने सांगू पाहणारा अभ्यासक त्या वेळी गोव्यातील सांखवाळ या गावात अवघा साडेपाच वर्षांचा होता.

सांखवाळ ते सिंहलद्वीप

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मराठी शिक्षणाची सोय यथातथाच होती. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले. पुढे घरची नारळीची बागायत पाहायची, एवढेच आयुष्य समोर दिसत होते. प्रकृती नाजूक आणि मन उदास. अशा दिवसांत मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ या मासिकात बुद्धांवरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्यानंतर मिळेल ते पुस्तक मागवून त्यांनी बुद्धचरित्राचा ध्यास घेतला. बुद्धांचा धर्म मुळापासून समजून घेतल्याशिवाय जगण्यात अर्थ नाही, अशा निर्धाराने १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. या गृहत्यागाची तुलना त्यांच्या आराध्याच्या गृहत्यागाशी करण्याचा मोह होतो. पण बाळाबाईंच्या वाट्याला आलेली वर्षे त्या तुलनेत बसत नाहीत.

पुण्यात त्यांची डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी भेट झाली. संस्कृत शिकण्यासाठी ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून त्यांनी शास्त्र्यांकडे अध्ययन केले. बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल या आशेने १९०२ मध्ये नेपाळ गाठला, आणि तिथली स्थिती पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता आणि तिथून सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात श्री सुमंगल महास्थविरांजवळ त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली भाषेचा पाया घातला. भाषा चटकन वश झाली, मात्र तिथले अन्न काही केल्या मानवेना. प्रकृती ढासळल्यामुळे सिलोन सोडावे लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले. तिथेही जेवणाचा प्रश्न होताच.

हा तपशील किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. भिक्षूला अन्न निवडण्याची मुभा नसते. सकाळी पात्र घेऊन दारोदार जायचे, पात्रात जे पडेल ते माध्यान्हीच्या आत खायचे, आवडीनिवडीचा शब्द काढायचा नाही. हा नियम कोसंबींनी ग्रंथात वाचला आणि देहाने भोगलाही. बुद्धांच्या आहाराबद्दल पुढे त्यांनी जे लिहिले, त्यामागे या अनुभवाचे वजन होते. आपल्या ताटाची चिंता करणाऱ्या गृहस्थाला भिक्षेच्या पात्राचा न्याय कळणे अवघड असते.

बुद्धघोषाच्या सहवासात

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला परतले. चीवर उतरवून ठेवले आणि नॅशनल कॉलेजात व कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. संसारही पुन्हा उभा राहिला. १९०७ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा म्हणजे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव मिळवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. कलकत्त्यात बस्तान बसले असतानाच बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात राहावे आणि मराठीत बौद्ध धर्मावर ग्रंथ लिहावेत, एवढीच अपेक्षा. कोसंबींनी अधिक पगाराची नोकरी सोडली आणि ती वृत्ती स्वीकारली. आपल्या भाषेतल्या माणसांना बुद्ध समजावून सांगणे, हेच त्यांनी आपले काम मानले होते.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाशी त्यांचा संबंध आला. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाच्या संपादनाला हात घातला होता. पण १८९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते तडीला नेण्यासाठी १९१० पासून १९३२ पर्यंत कोसंबी चार वेळा अमेरिकेला गेले. पहिल्या खेपेस संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. त्यानंतर सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि पां. वा. बापट यांच्यासारखे विद्वान तयार केले. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

‘विसुद्धिमग्गा’चा कर्ता आचार्य बुद्धघोष. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिलोनमध्ये बसून त्याने पाली त्रिपिटकावर भाष्ये लिहिली. त्याची वाक्यरचना, त्याच्या खोडी, त्याने जुन्या सिंहली टीकांतून काय उचलले आणि कुठे स्वतःची भर घातली, हे सारे कोसंबींनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे खर्चून जाणून घेतले होते. सूकरमद्दवाचा अर्थ सांगणारा पहिला मोठा भाष्यकारही बुद्धघोषच. त्यामुळे या शब्दावर बोलण्याचा अधिकार त्या काळी फार थोड्या लोकांना होता, आणि त्या थोड्यांत कोसंबी होते.

एक शब्द, अनेक ताटे

‘महापरिनिब्बान सुत्ता’त येणारी कथा अशी. ऐंशी वर्षांचे बुद्ध फिरत फिरत पावा नगरीत आले आणि चुंद नावाच्या लोहाराच्या आमराईत उतरले. चुंदाने त्यांना भिक्षूंसह भोजनाला बोलावले. खाद्यभोज्य पदार्थांबरोबर त्याने भरपूर सूकरमद्दव तयार करवले. बुद्धांनी ते आपल्यालाच वाढण्यास सांगितले, इतर पदार्थ भिक्षूंना वाढायला लावले, आणि उरलेले सूकरमद्दव खड्ड्यात पुरून टाकण्याची सूचना केली. त्यानंतर त्यांना रक्तातिसाराचा तीव्र विकार जडला. त्याही अवस्थेत ते कुशीनाऱ्याला चालत गेले आणि तिथे दोन शालवृक्षांच्या मध्ये त्यांचे परिनिर्वाण झाले.

सूकरमद्दव म्हणजे काय, याबद्दल खुद्द प्राचीन भाष्यकारांतच एकमत नव्हते. बुद्धघोषाने पहिला अर्थ दिला तो फार कोवळ्या नव्हे आणि फार जून नव्हे अशा डुकराच्या मांसाचा. काहींच्या मते हा गोरसात शिजवलेल्या मऊ भाताचा प्रकार, तर काहींच्या मते ते एक रसायन, म्हणजे औषधी कल्प, अशी मतेही परंपरेने नोंदवून ठेवली. ‘उदान’ ग्रंथावरील टीकेत आणखी दोन अर्थ येतात: डुकरांनी तुडवलेले वेळूचे कोवळे कोंब, आणि डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अहिच्छत्रक. अहिच्छत्रक म्हणजे सापाची छत्री. मराठीत जिला कुत्र्याची छत्री म्हणतात, तीच ही अळंबी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय पंडित या शब्दाकडे वळले. कार्ल ऑयगेन नॉयमन या जर्मन अनुवादकाने असे सुचवले की, हा मांसाचा प्रकार नसून डुकराला आवडणाऱ्या एखाद्या वनस्पतीचे नाव असावे. इंग्लंडच्या ऱ्हीस डेव्हिड्स यांचा प्रवास अधिक बोलका आहे. १८८१ च्या अनुवादात त्यांनी सूकरमद्दवाला रानडुकराचे सुकवलेले मांस म्हटले होते. १९१० च्या अनुवादात त्याच जागी त्यांनी ट्रफल हा शब्द घातला. गोरखपूरकडच्या जिल्ह्यांत काम केलेल्या डॉ. होई यांनी त्यांना कळवले होते की, तिकडचे शेतकरी रानातला एक कंद आवडीने खातात आणि त्याला सूकरकंद म्हणतात. युरोपीय वाचकाला डुक्कर आणि मातीतला रुचकर गोळा म्हटले की ट्रफलच आठवणार. अशा रीतीने चुंद लोहाराच्या ताटात पेरिगॉरची चैन येऊन बसली.

या तर्कात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. वनस्पतींना डुकराच्या नावाने ओळखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वसई-पालघरच्या बाजारात हिवाळ्यात दिसणारे कारांदे वैद्यकात वाराहीकंद म्हणून ओळखले जातात. वराह ज्याला उकरून खातो, तो हा कंद. पण एखादे नाव शक्य असणे वेगळे आणि त्या प्रसंगी तेच अभिप्रेत असणे वेगळे.

सोयीचा अर्थ आणि खरा अर्थ

‘भगवान बुद्ध’ हा कोसंबींचा ग्रंथ १९४० च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध झाला. बुद्धचरित्राला चिकटलेली चमत्कारांची पुटे काढून टाकून, पाली ग्रंथांतील जुने थर वेगळे करून लिहिलेले हे चरित्र आहे. त्यात मांसाहारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सूकरमद्दवावरचे वेगवेगळे अर्थ त्यांनी वाचकापुढे ठेवले. ट्रफलचा किंवा अळंबीचा अर्थ उचलून धरला असता तर सर्वांचीच सोय झाली असती. अहिंसेचा उपदेश करणारा महापुरुष आणि त्याच्या ताटातले मांस, हा विरोध आपोआप मिटला असता. ग्रंथाचा खप वाढला असता आणि लेखकाला दूषणे मिळाली नसती.

कोसंबींनी ती वाट धरली नाही. एका शब्दाचा कीस काढत बसण्यापेक्षा त्यांनी दुसरा पुरावा पुढे केला. ‘अंगुत्तर निकाया’त वैशालीच्या उग्ग नावाच्या गृहस्थाची कथा आहे. त्याने आपल्या आवडीचे पदार्थ बुद्धांना अर्पण केले. त्यांत डुकराच्या मांसाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तिथे मद्दव हा संदिग्ध शब्द नाही. बुद्धांनी ते दान स्वीकारले. तेव्हा सूकरमद्दवाचा अर्थ काहीही लागला, तरी बुद्ध मांस खात नसत असे म्हणता येत नाही, हे कोसंबींचे सांगणे होते. भिक्षूने आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली, तर ते मांस वर्ज्य; एरवी पात्रात पडलेले अन्न नाकारायचे नाही, हा विनयाचा नियम होता. भिक्षूंना मांस-मासे पूर्ण वर्ज्य करावेत ही देवदत्ताची मागणी बुद्धांनी मान्य केली नव्हती.

याच प्रकरणात कोसंबींनी त्या काळातील इतर श्रमणांच्या आणि ब्राह्मणांच्या आहाराची चर्चा केली आणि प्राचीन जैन आगमांतील काही उल्लेखांचा अर्थही मांसपर लावला. त्यावरून मोठे वादळ उठले. जैन समाजातील अनेकांना हे विधान जिव्हारी लागले. ज्या शब्दांचा अर्थ कोसंबी मांस असा करत होते, ते वनस्पतींची आणि फळांची नावे आहेत, असा जैन पंडितांचा प्रतिवाद होता. तोही शब्दार्थांच्या परंपरेवर आधारलेला होता आणि आजही तितक्याच निष्ठेने मांडला जातो. कोसंबींनी टीका ऐकून घेतली. ग्रंथातले विधान मात्र मागे घेतले नाही.

या हट्टामागे मांसाहाराचा पुरस्कार नव्हता. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा त्यांचा १९३५ चा ग्रंथ वाचणाऱ्याला अहिंसेवरची त्यांची निष्ठा वेगळी सांगावी लागत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले होते आणि तुरुंगातही गेले होते. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारून ते तिथे राहिले, तेही आपला बुद्ध पंडितांच्या कपाटातून श्रमिकांच्या चाळीत यावा म्हणून. त्यांचा मुद्दा एवढाच होता की, अहिंसा ही मानवी समाजात पायरीपायरीने वाढत आलेली गोष्ट आहे. आजची पायरी कालच्या माणसांवर लादली तर इतिहास खोटा होतो. आणि ज्याने आपल्या शिष्यांना तपासून पाहायला शिकवले, त्याचेच चरित्र न तपासता लिहिणे ही त्याची सेवा ठरत नाही.

चुंदाचा दिलासा

या वादात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मूळ सुत्ताचा भर पदार्थावर नाही, चुंदावर आहे. दुखण्याच्या कळा सोसत असताना बुद्धांना काळजी लागली ती त्या लोहाराची. आपल्या घरच्या अन्नाने तथागत गेले, असे कुणी त्याला म्हणेल आणि तो जन्मभर जळत राहील, हे ओळखून त्यांनी आनंदाला आधीच निरोप देऊन ठेवला. संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही दाने सारख्याच पुण्याची आहेत, असे चुंदाला सांगून त्याचे मन निवव, असा तो निरोप होता. मरणाऱ्याने यजमानाला दिलेले हे अभय आहे. ताटात मांस होते की अळंबी, याने त्या करुणेत रतीभरही फरक पडत नाही. फरक पडतो असे वाटून ज्यांनी ताट बदलण्याची धडपड केली, त्यांनी नकळत चुंदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

पुढील संशोधनाने हा प्रश्न मिटवला नाही, उलट आणखी रंगतदार केला. १९८२ मध्ये गॉर्डन वॉसन या अमेरिकन अभ्यासकाने पुन्हा अळंबीचा पक्ष घेतला. मात्र युरोपीय ट्रफल बाजूला ठेवून. संथाळ आदिवासी पुटका नावाची भूमिगत अळंबी खातात. वैदिक ग्रंथांत सोमाला पर्याय म्हणून सांगितलेली पूतिक हीच असावी आणि चुंदाच्या घरी हीच शिजली असावी, असा त्याचा तर्क होता. झारखंडात रुगडा, बस्तरात बोडा अशा नावांनी विकली जाणारी भूमिगत अळंबीही याच प्रकारची. पहिल्या पावसानंतर सालवृक्षांच्या तळाशी भेगाळलेली माती काठीने उकरून बाया ती गोळा करतात. वरचे कवच टणक, आतला गर कोवळा पांढरा. जून झाला की काळा पडतो. मसाल्यात शिजवली की तिची चव मटणासारखी लागते, असे खाणारे सांगतात. भारताचे ट्रफल शोधायचे झाले तर ते असे सालाच्या बनात सापडते, आणि श्रीमंतांच्या आधी ते गरिबांच्या ताटात येते.

कुशीनाऱ्याच्या परिसरात साल होता, हे सुत्तच सांगते. तेव्हा वॉसनचा तर्क अशक्य नाही. सिद्धही नाही. कोसंबींनी उग्ग गृहस्थाचा पुरावा दिला, त्याचे महत्त्व इथेच कळते. त्यांनी आपला निष्कर्ष एका संदिग्ध शब्दावर टांगून ठेवला नव्हता. उद्या सूकरमद्दव म्हणजे अळंबीच, असे निर्विवाद ठरले, तरी त्यांच्या मांडणीचा पाया हलत नाही.

शेवटचे पर्व

आयुष्याच्या उत्तरार्धात कोसंबींना पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माने ओढून घेतले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांत त्यांना बुद्धांच्या आणि गांधीजींच्या मार्गाचे मूळ दिसू लागले. ज्या समाजातून त्यांच्यावर सर्वाधिक टीका झाली, त्याच समाजाच्या तीर्थंकराचे ऋण मान्य करणारा ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ त्यांनी लिहून ठेवला. तो १९४९ मध्ये, ते गेल्यानंतर, प्रसिद्ध झाला.

शरीर थकले होते, जुने विकार बळावले होते. आपल्या हातून आता काही काम होणार नाही, इतरांकडून सेवा घेत जगायचे नाही, असे त्यांनी ठरवले. जैन परंपरेतील सल्लेखनेप्रमाणे अन्न सोडून देह ठेवण्याचा त्यांचा विचार होता. १९४६ मध्ये त्यांनी तसा आरंभही केला. पण गांधीजींच्या आग्रहामुळे थांबले. अखेर वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. सुमारे महिनाभर हे व्रत चालले. ४ जून १९४७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याबद्दल आदराने सांगितले. देश स्वातंत्र्याच्या आणि फाळणीच्या उंबरठ्यावर होता. त्या गदारोळात एका पाली पंडिताचे जाणे फारसे कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

साहित्य अकादमीने पुढे ‘भगवान बुद्ध’चे भारतीय भाषांत अनुवाद करवले आणि सांखवाळच्या या माणसाचा ग्रंथ देशभर पोहोचला. बौद्ध धर्माकडे वळलेल्या महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी तो वाचला, काहींनी त्याच्याशी वाद घातला. वाद घालण्यासाठीही आधी तो वाचावा लागतो, हेच त्याचे बळ आहे.

काशीच्या अन्नछत्रापासून ब्रह्मदेशातल्या भिक्षेपर्यंत, मिळेल ते खाऊन ज्याने विद्या मिळवली, त्याने आपल्या आराध्याच्या ताटातले अन्न जसे ग्रंथात सापडले तसे लोकांपुढे ठेवले, आणि शेवटी स्वतःचे ताट शांतपणे दूर सारले. सोपाऱ्याच्या स्तूपातून निघालेले मातीच्या भांड्याचे ते १३ तुकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेले. त्यांच्यावर कोणत्याही अन्नाचा वास उरलेला नाही. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी मात्र दर पावसाळ्यात अळंबी उगवते, आणि ती ओळखणाऱ्या बाया आजही एकेक छत्री उलटीसुलटी करून पारखल्याशिवाय टोपलीत टाकत नाहीत.